टाकानं लिहायचंय? मग आधी शाईकडे बघा

नवीन निब आणली, होल्डरला लावली, दौतीत बुडवली आणि कागदावर टेकवली की एकतर भला मोठा थेंब पडतो नाहीतर काहीच उमटत नाही, नुसता ओरखडा. टाकानं लिहायला बसलेल्या बहुतेकांचा पहिला दिवस असाच जातो आणि मग आपण म्हणतो की माझं अक्षरच वाईट आहे किंवा दुकानदारानं डुप्लिकेट निब दिली. मी पण पहिले दोन महिने हेच समजत होतो, तीन प्रकारच्या निबा बदलल्या, आणि शेवटी कळलं की माझ्या दौतीत फाउंटन पेनची निळी शाई होती आणि सगळा घोळ तिचा होता. निब ठीक होती, हात पण तेवढा काही वाईट नव्हता.

कारण समजलं की पुढचं सगळं सोपं जातं म्हणून आधी तेच सांगतो. फाउंटन पेनमध्ये निबच्या खाली फीड असतं, बारीक खाचा असलेला तो काळा भाग, तो शाई किती सोडायची ते ठरवतो. त्या खाचांमधून वाहायचं असल्यामुळे ती शाई मुद्दाम पातळ, पाण्यासारखी बनवतात. टाकाला यातलं काहीच नसतं, एक दांडी आणि तिच्यात खोचलेली स्टीलची निब, बस. शाई निबच्या पोटाला लटकून राहते ती फक्त स्वतःच्या चिकटपणावर. शाई पातळ असेल तर ती लटकत नाही, टेकवल्या टेकवल्या सगळी खाली उतरते आणि थेंब पडतो. फार दाट असेल तर मधल्या चिरेतून खाली येतच नाही. टाकाची चांगली शाई म्हणजे या दोन्हीच्या मधली, निबला धरून बसणारी आणि तरी चिरेतून सरकणारी. बाकी रंग, चमक, वॉटरप्रूफ वगैरे सगळं नंतर.

पण शाईकडे जायच्या आधी एक काम करायलाच हवं. नवीन निबवर कारखान्यातच तेलाचा पातळ थर दिलेला असतो, गंज लागू नये म्हणून. तो काढला नाही तर कुठलीही शाई आणा, निबवर तिचे मणी होतात आणि ती पसरत नाही. थोडी साधी पांढरी टूथपेस्ट बोटावर घेऊन निब दोन्ही बाजूंनी हलक्या हातानं चोळा, धुवा, लगेच पुसा. भांड्याच्या लिक्विडनं पण चालतं. काही जण कच्च्या बटाट्यात निब खोचून ठेवतात, मीही करून पाहिलंय, होतं काम, फक्त १० मिनिटांच्या वर ठेवू नका कारण बटाट्याच्या रसानं निब काळवंडते. मेणबत्तीच्या ज्योतीवरून निब फिरवायची पद्धतही आहे पण नवशिक्यांनी ती करू नये असं मला वाटतं, सेकंदभर जास्त झालं की स्टीलचा ताव जातो, निब मऊ पडते आणि परत वळत नाही. तेल गेलंय का हे बघायला निब शाईत बुडवून उचला, शाईचा सलग पडदा दिसला तर गेलं, तुकड्या-तुकड्यात गोळा झाली तर परत चोळा.

आता निब कुठली घ्यायची. दोन मुख्य घराणी आहेत. एक टोकदार निब, जी दाबली की तिचे दोन पाय फाकतात आणि रेघ जाड होते, सोडलं की बारीक. इंग्रजी कॉपरप्लेट, लग्नपत्रिकांवरची वळणदार अक्षरं, कॉमिकमधली रेखाटनं हे सगळं तिचं. दुसरी कट निब, जिचं टोक सपाट छाटलेलं असतं आणि जाड-बारीक हे दाबण्यावर नाही तर निब कुठल्या कोनात धरलीय त्यावर ठरतं. देवनागरी सुलेखनासाठी मला विचाराल तर कट निबच. टोकदार निबनं शिरोरेषा ओढून बघा, आडव्या रेघेत पाय फाकतच नाहीत, रेघ दोऱ्यासारखी बारीक येते आणि उभ्या काना-दांड्या जाड, अक्षर लंगडं दिसतं. कट निब ४५ अंशात धरली की आडवी आणि उभी रेघ सारख्याच जाडीची येते आणि अक्षराला वजन येतं. बोरूनं हेच व्हायचं. मोडी लिहिणारे आधी आख्ख्या ओळीची आडवी रेघ मारून घ्यायचे आणि मग तिच्या खाली हात न उचलता अक्षरं लटकवत जायचे, ते बोरूच्या छाटलेल्या टोकानं फार सुंदर जमतं.

टोकदारमध्ये सुरुवातीला जपानी जी निब घ्या, निक्को जी किंवा झेब्रा जी. त्या कडक असतात, हात जड पडला तरी सहन करतात आणि बरेच दिवस टिकतात. मुळात मांगा म्हणजे जपानी कॉमिक काढणारे चित्रकार त्या वापरतात, म्हणजे दिवसभर घासून चालणाऱ्या निबा आहेत. हंट १०१ किंवा लिओनार्ट प्रिन्सिपल यांचे फोटो बघून भुलून पहिल्याच दिवशी त्या घेऊ नका, त्या फार लवचीक आणि टोकाला सुईसारख्या, वर जाताना कागदाचे धागे उचलतात आणि मग सगळीकडे शिंतोडे. सहा महिन्यांनी घ्या, तेव्हा मजा येईल. आणि हो, क्रोक्विल नावाच्या बारीक नळीसारख्या निबा असतात त्यांना होल्डर वेगळा लागतो, नेहमीच्या होल्डरमध्ये त्या बसत नाहीत, घेताना विचारून घ्या. कट निबमध्ये स्पीडबॉलची सी सिरीज, ब्राउझची बांडझुग, मिचेल राउंडहँड अशा मिळतात, शिकायला २ ते ३ मिलिमीटरची रुंद घ्या, रुंद निबमध्ये चुका स्पष्ट दिसतात. त्यांच्यावर किंवा खाली छोटी पत्र्याची टोपी असते ती शाई साठवायची, ती निबच्या टोकाच्या फार जवळ ढकलू नका नाहीतर शाई बदाबदा येते.

होल्डरचं थोडक्यात. सरळ दांडी आणि तिरकी, बाजूला पितळेची पट्टी असलेली, ऑब्लिक. ऑब्लिक ही उजव्या हाताच्या लोकांना कॉपरप्लेटचा ५५ अंशाचा तिरका कल सहज यावा म्हणून आहे. देवनागरी उभी लिहिणार असाल तर तिची काही गरज नाही, साधी लाकडी दांडी घ्या. डावखुरे लोक बरेचदा सरळ होल्डरवरच कॉपरप्लेट छान काढतात.

आता शाया. इथे मी थोडा वेळ घेणार आहे कारण जास्तीत जास्त पैसे आणि उत्साह इथेच वाया जातो.

सगळ्यात आधी ज्याला इंडियन इंक म्हणतात ती. काजळी म्हणजे कार्बन, पाणी आणि धरून ठेवायला लाख. वाळली की वॉटरप्रूफ, उन्हात फिकी पडत नाही, काळी म्हणजे खरंच काळी. चित्रांवर नंतर वॉटरकलर मारायचे असतील तर हीच. आपल्याकडे कॅमलची वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक शाळेच्या स्टेशनरीच्या दुकानातही मिळते आणि सुरुवात करायला ती पुरेशी आहे. तोटा एकच पण मोठा, ती निबवर वाळली की लाखेचा थर बसतो आणि पाण्यानं निघत नाही. म्हणून दर चार-पाच ओळींनी निब ओल्या फडक्यानं पुसायची सवय लावा. आणि ही शाई चुकूनही, अगदी एकदा गंमत म्हणूनही, फाउंटन पेनमध्ये भरू नका. फीडच्या खाचांत लाख वाळली की ते पेन बहुतेक वेळा गेलंच.

दुसरी जपानी सुमी. ही पण काजळीचीच पण धरायला लाखेऐवजी प्राण्यांचा सरस, बाटलीतल्या काही सुमीत इतर रेझिनही असतात. टाकासाठी सुमी मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडते, थोडी दाट असते, निबला मस्त धरून राहते आणि बारीक रेघेला किंचित चमक येते. बाटलीतून सरळ वापरली तर कधी कधी जड वाटते, मग छोट्या बाटलीत काढून १० थेंबांना १ थेंब पाणी असं घालून बघत जायचं. मोठ्या बाटलीत कधीच पाणी घालू नका, जास्त झालं तर परत येत नाही.

तिसरी लोखंडाची शाई, आयर्न गॉल. युरोपात कित्येक शतकं सरकारी दप्तरं, चर्चची पुस्तकं, पत्रं सगळं हिच्यात लिहिलं गेलं. हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार, माजूफळातलं टॅनिन आणि डिंक, एवढंच. लिहिताना फिकी दिसते आणि हवा लागून हळूहळू काळी होत जाते, तुमच्या डोळ्यांसमोर अक्षर गडद होतं, ते बघायला मला अजूनही आवडतं. कॉपरप्लेटच्या केसासारख्या रेघा हिच्यात जितक्या स्वच्छ येतात तितक्या दुसऱ्या कशातच नाहीत, कारण ती पातळ असूनही पसरत नाही. पण ती आम्लयुक्त असते, स्टीलची निब खाते. लिहून झाल्यावर पाच मिनिटंसुद्धा निब तशी ठेवू नका. हिरडा आणि हिराकस घेऊन घरी करता येते आणि बरेच जण करतात, पण प्रमाण बिघडलं आणि हिराकस जास्त झाला तर काही वर्षांनी कागदच तपकिरी होऊन तुटतो, जुन्या युरोपीय कागदपत्रांत अक्षराच्या जागी भोकं पडलेली दिसतात ती यामुळेच. सरावाला घरची करा, जपून ठेवायच्या गोष्टीसाठी तयार बाटली घ्या.

आपल्या जुन्या पोथ्यांची काळी शाई वेगळी, ती काजळ आणि डिंकाची. कार्बन असल्यामुळे तिचा रंग उडत नाही, पण लाख नसेल तर पाणी पडलं की अक्षर सुटतं. घरी करून बघायची असेल तर ही सगळ्यात सुरक्षित. दिव्याची काजळी जमवा, डिंकाच्या पाण्यात खलबत्त्यात भरपूर घोटा, भरपूर म्हणजे खरंच तासभर, कमी घोटली तर कागदावर कण दिसतात.

आणि मग फाउंटन पेनच्या शाया. त्यांचे रंग सुंदर असतात, घरात आधीच असतात, त्यामुळे वापराव्याशा वाटतात, आणि वापरता येतात पण तशाच नाही. डिंक घालावा लागतो. आर्टच्या दुकानात गम अरेबिकची तयार बाटली मिळते, नाहीतर लाडवांसाठी आणतो तो बाभळीचा डिंक घ्या, पूड करा, एक भाग पूड आणि दोन भाग कोमट पाणी रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा. ५ मिलिलिटर शाईत या डिंकाच्या पाण्याचे २ थेंब टाकून लिहून बघा, थेंब पडत असेल तर अजून १, असं करत जा. जास्त झाला तर शाई चिरेत अडकते आणि वाळल्यावर कागदावर चिकट चमक राहते. पाकिटं चिकटवायचा ऑफिसचा गोंद म्हणजे हा डिंक नाही, तो घालू नका. या शाया रंगद्रव्य पाण्यात विरघळवून केलेल्या असतात म्हणून बहुतेक पाण्यानं जातात आणि उन्हात फिक्या पडतात, भिंतीवर फ्रेम करून लावायचं काम त्यांच्यात करू नका.

शाईच्या वड्या आणि पुड्या आठवणारी मंडळी अजून घराघरात आहेत. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत कॅम्लिनचा धंदा सुरू केला तोच मुळी हॉर्स ब्रँडच्या शाईच्या पुडीनं आणि वड्यांनी, फाउंटन पेनची कॅमल शाई नंतरची. पाण्यात वडी टाकायची आणि हवी तेवढी दाट करायची. आज आपण थेंब मोजत बसतो ते काम तेव्हा घरोघरी अंदाजानं व्हायचं.

पांढरी आणि सोनेरी शाई मागणारे खूप असतात, काळ्या पाकिटावर नावं घालायला. पांढऱ्यासाठी बाटलीतल्या शाईपेक्षा ग्वाश म्हणजे अपारदर्शक वॉटरकलर बरा, ट्यूबमधून थोडा काढा, पाणी घालत दुधापेक्षा किंचित दाट, सायीपेक्षा पातळ इतका आणा, डिंकाचा एक थेंब घाला. निब त्यात बुडवू नका, जुन्या ब्रशनं निबच्या पोटाला लावा, म्हणजे बरोबर तेवढाच बसतो. साधा पोस्टर कलर पण सरावाला चालतो. सोनेरीत अभ्रकाची चमक असते आणि ती तळाला बसते, दर दोन शब्दांनी ढवळलं नाही तर पहिली ओळ सोनेरी आणि तिसरी मातकट पिवळी येते. ॲक्रिलिक शाया रंगाला झकास पण निबवर काही मिनिटांत प्लास्टिक होतात, पहिल्या वर्षात त्यांच्या वाटेला नाही गेलात तरी चालेल.

लिहायची पद्धत. निबच्या मध्ये एक भोक असतं, शाई त्या भोकाच्या किंचित वर येईल इतकीच बुडवा, दांडीपर्यंत अजिबात नाही. वर काढताना दौतीच्या काठाला हलकेच टेकवा, झटकू नका, झटकल्यानं भिंत आणि शर्ट दोन्ही रंगतात. मग मुख्य कागदावर जायच्या आधी बाजूच्या रद्दी कागदावर एक छोटी रेघ, दर वेळी, कंटाळा आला तरी. टोकदार निबमध्ये दाब फक्त खाली येताना, वर जाताना निब कागदाला नुसती शिवून गेली पाहिजे. वर जाताना खरखर आवाज येत असेल तर तुम्ही दाबताय किंवा निब एका कुशीवर पडलीय, दोन्ही पाय कागदावर सारखे टेकले पाहिजेत. बॉलपेननं लिहायची सवय असल्यामुळे आपण सगळेच फार दाबतो, ही सवय जायला दोन-तीन आठवडे लागतात, त्या काळात अक्षरं लिहूच नका, नुसत्या उभ्या रेघा, खाली जाड वर बारीक, पानभर.

जाड रेघेच्या मधला भाग कोरा राहून दोन बारीक रेघा पडतात, आगगाडीच्या रुळासारख्या, तेव्हा तीनच कारणं असतात. निबवर शाई संपत आलीय, शाई फार दाट आहे, किंवा निबच्या ताकदीपेक्षा जास्त दाब दिलाय. आधी परत बुडवून बघा, मग शाईत थेंबभर पाणी घालून बघा, तरी रूळ पडले तर हात हलका करा. सुरुवात अडत असेल, म्हणजे निब टेकवली तरी शाई उतरत नसेल, तर निबचं टोक ओल्या फडक्याला शिवा, चिरेतली शाई वाळलेली असते ती सुटते. मार्च-एप्रिल-मे मध्ये विदर्भ-मराठवाड्यात किंवा पुण्यातसुद्धा दुपारी पंख्याखाली बसून लिहिलं की हे सारखं होतं, सकाळी लिहा किंवा पंखा दुसरीकडे वळवा. दौत पण उघडी ठेवल्यामुळे दाट होत जाते, तिच्यात डिस्टिल्ड वॉटरचे थेंब घाला, इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणतो तेच, नळाचं पाणी नको. डिंकवाल्या शाईला पावसाळ्यात बुरशी येते, लवंगेच्या तेलाचा एक थेंब टाकला की बरेच दिवस टिकते.

कागद आधी नीट बघितला असता तर शाईवरून होणारी किती भांडणं वाचली असती! शाई फुटते म्हणजे अक्षराच्या कडेनं केस फुटल्यासारख्या रेषा जातात, तो दोष बहुतेक वेळा कागदाचा असतो. साध्या वहीचा आणि ७० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाचं वजन) झेरॉक्स कागद टाकासाठी नाही. १०० जीएसएमचा गुळगुळीत बाँड घ्या, एकदम पूर्ण रीम न घेता दुकानातून दोन-चार प्रकारचे सुटे कागद आणून सगळ्यांवर एकच ओळ एकाच शाईनं लिहून बघा. पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा तुमच्या गावातल्या पत्रिका छापणाऱ्याकडे असे सुटे कागद सहज मिळतात. हॅंडमेड कागद दिसायला देखणा पण टोकदार निब त्याचे धागे ओढते, त्याच्यावर कट निब किंवा बोरू चालवा. आणि पावसाळ्यात चांगला कागदही दमट होऊन शाई फोडायला लागतो, मुंबई-कोकणातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको, कागद प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवा.

उरलं धुणं. शेजारी पाण्याची एक छोटी वाटी आणि जुन्या सुती धोतराचा किंवा मलमलचा तुकडा, टिश्यू पेपर नको कारण त्याचे तंतू चिरेत अडकतात आणि पुढची रेघ झाडूसारखी येते. लिहून झालं की निब होल्डरमधून काढा, धुवा, पुसा, पूर्ण कोरडी करा. होल्डरमध्येच ठेवली तर आतल्या बाजूला पाणी राहतं आणि तिथे गंज धरतो, मग निब निघत नाही आणि ओढताना होल्डर पण जातो. निबवर इंडियन इंक वाळून बसली असेल तर स्पिरिटमध्ये १० मिनिटं ठेवा किंवा काच पुसायचं लिक्विड लावा आणि मऊ जुन्या टूथब्रशनं घासा, सुरीनं खरवडू नका, खरवडली की चिरेची कड जाते आणि निब कायमची खरखरते.

निबा ठेवायला झाकण घट्ट बसणारी छोटी डबी, आत सिलिका जेलची एक पुडी, नवीन बुटांच्या खोक्यात येते ती. गेल्या जुलैत माझ्या आठ निबा कंपासपेटीत उघड्या राहिल्या होत्या आणि गणपतीत काढल्या तेव्हा पाचांवर तांबूस ठिपके होते. त्यातल्या दोन बारीक पॉलिश पेपरनं वाचल्या, तीन टाकाव्या लागल्या. आता जूनच्या पहिल्या आठवड्यात मी डबीतली पुडी बदलतो आणि ज्या निबा दोन-तीन महिने लागणार नाहीत त्यांना शिवणयंत्राच्या तेलाचं बोट लावून ठेवतो, परत वापरताना टूथपेस्टनं चोळायच्या, पहिल्या दिवसासारख्या.